शेजारची शाळा

यंदाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा आग्रह समितीच्या तरुण कार्यकर्त्यांनी केला तेव्हा मी विषय तिथल्या तिथे सांगून टाकला : जे. पी. नाईक. समोरचा मुलगा क्षणभर घुटमळला आणि म्हणाला, "काका, ते क्रिकेटवाले नाईक का?" मला हसू आले. त्याचा काय दोष? टिळक, आगरकर, कर्वे, कर्मवीर यांची नावे आपल्या घरात लहानपणापासून कानांवर पडतात. नाईकांचे पडत नाही. वास्तविक स्वतंत्र भारतातल्या शाळेचा जो आराखडा झाला, तो कागदावर उतरवणारा हात या मराठी माणसाचा होता. युनेस्कोने जगातल्या शंभर शिक्षणचिंतकांची चरित्रे प्रसिद्ध केली त्यांत नाईक आहेत. आणि मुख्य म्हणजे, या माणसाने जी गोष्ट सर्वांत पोटतिडकीने मांडली ती झाली नाही. ती न होण्यात माझाही वाटा आहे, म्हणून हा लेख.

प्रथम माझ्याविषयी थोडे, कारण त्याशिवाय पुढचे कळणार नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका जंगलकाठच्या गावचा. आमची प्राथमिक शाळा सरकारी, मराठी माध्यमाची आणि एकशिक्षकी. एक खोली, एक गुरुजी, चार इयत्ता. गुरुजी पहिलीच्या पोरांना पाटीवर गिरवायला लावत, तोवर चौथीतला मुलगा दुसरीचे पाढे घेई. तो चौथीतला मुलगा एक वर्ष मी होतो! पावसाळ्यात छप्पर गळायचे, मग चारी इयत्ता एका कोपऱ्यात. पाटलांचा मुलगा, गवळ्याचा मुलगा, वाण्याची मुलगी आणि मी, सगळे एकाच जाजमावर. गावात दुसरी शाळाच नव्हती, मग जाणार कुठे? पाटलांच्या मुलालाही गळके छप्पर सोसावे लागे. त्यामुळे असेल, पण एका वर्षी पाटलांनीच पुढाकार घेऊन कौले बदलून दिली. हे सगळे फार सुंदर होते असे मात्र कोणी समजू नये. पिण्याच्या पाण्याचे दोन माठ होते आणि ते दोन का होते हे मला पुष्कळ उशिरा समजले. गावकुसाबाहेरची मुले दुसरीनंतर दिसेनाशी होत. त्यांचे पुढे काय झाले, हे मी कधी विचारले नाही.

१९७६ साली नोकरीनिमित्त बंगळूरला आलो. एका सरकारी कारखान्यात लागलो, लग्न झाले, बिऱ्हाड थाटले. १९८४ च्या सुमारास सौ.ने बी.एड. करायचे ठरवले. पुस्तकांसाठी अ‍ॅव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत माझ्या खेपा सुरू झाल्या. यादीत पहिलेच नाव 'नुरुल्ला आणि नाईक' असे होते. भारतीय शिक्षणाच्या इतिहासाचे हे पाठ्यपुस्तक बी.एड. झालेल्या प्रत्येकाने कधी ना कधी हाताळलेले असते. पुठ्ठा निघालेली एक प्रत मिळाली. रात्री सौ. टिपणे काढायची आणि मी नुसता वाचत बसायचो. इतिहास म्हणजे राजे आणि लढाया, या समजुतीत वाढलेल्या मला गावच्या शाळेलाही इतिहास असतो हे तेव्हा प्रथम कळले.

सय्यद नुरुल्ला आणि नाईक यांचा ब्रिटिश काळातील भारतीय शिक्षणाचा मूळ मोठा इतिहास १९४३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांसाठीची छोटी आवृत्ती त्यानंतरची. या विषयाची बीजे नाईकांच्या जन्मगावीच होती म्हणायला हरकत नाही. त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९०७ रोजी बहिरेवाडीत झाला. तेव्हाचे कोल्हापूर संस्थान, आजचा आजरा तालुका. (५ सप्टेंबर म्हणजे पुढे शिक्षकदिन ठरलेली तारीख. हा निव्वळ योगायोग, पण आवडण्याजोगा.) मूळ नाव विठ्ठल हरी घोटगे. स्वातंत्र्यचळवळीच्या धामधुमीत ते जयंत पांडुरंग नाईक झाले आणि तेच नाव कायम राहिले.

ते दहा वर्षांचे असताना, १९१७ साली, राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला. त्याआधी सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत असा प्रयोग केला होता आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदे संस्थानात तो लागू केला होता. आपल्या या म्हैसूर संस्थानातही १९१३ साली, विश्वेश्वरय्या दिवाण असताना, सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला. ब्रिटिश मुलखात मात्र गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मांडलेले विधेयक पुढच्या वर्षी ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोध करणाऱ्यांत सरकारी सभासद होते, तसे आपले जमीनदारही होते. गरिबाचे पोर शाळेत गेले तर शेतावर कोण राबणार, ही काळजी! त्याच्याही आधी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिले होते. रयतेच्या कराचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि रयतेची मुले निरक्षर राहतात, असा त्यांचा रोख होता. नाईकांच्या सगळ्या आयुष्याचा विषय याच एका तक्रारीत सामावलेला आहे.

पण नाईक केवळ पुस्तकी संशोधक नव्हते. १९३२ मध्ये त्यांना तुरुंगवास घडला. बाहेर आल्यावर ते धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरी नावाच्या खेड्यात जाऊन राहिले. शाळा, औषधपाणी, स्वच्छता, शेतीसुधारणा, असे एकाच गावाचे चहूबाजूंनी काम त्यांनी तिथे केले. आज हे गाव कर्नाटकात आहे. कोल्हापूरचा मराठी तरुण, कानडी खेडे! भाषेवरून आपण सीमाभागातली माणसे किती तापलो आणि किती वर्षे तापलो, हे आठवले की मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. गावी जाताना बस धारवाडला थांबते तेव्हा दरवेळी मनात येते की एकदा आत वळून ते खेडे पाहावे. अजून झालेले नाही.

पुढची वर्षे भराभर सांगतो. १९४८ मध्ये त्यांनी मुंबईत भारतीय शिक्षण संस्था काढली. ती १९७६ मध्ये पुण्याला गेली. गारगोटीच्या श्री मौनी विद्यापीठाची घडण त्यांचीच. खेड्यातल्या मुलाने शहराकडे पाठ न फिरवता पण खेड्यातच राहूनही पदवीपर्यंत शिकता यावे, शेती आणि शिक्षण यांची फारकत होऊ नये, असा तो प्रयत्न होता. १९५५ मध्ये चित्राताईंशी विवाह झाला. त्या स्वतःही शिक्षणतज्ज्ञ, आणि त्यांच्याविषयी पुढे लिहायचेच आहे. १९५९ मध्ये नाईक दिल्लीला केंद्रीय शिक्षण मंत्रालयात प्राथमिक शिक्षणाचे सल्लागार झाले, तेही नाममात्र एक रुपया वेतनावर. आमच्या गावासारख्या एकशिक्षकी शाळांवर त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहिली होती. दिल्लीत बसलेल्या कोणाला आमचे गळके छप्पर ठाऊक होते, हे वाचून मला विलक्षण समाधान झाले होते.

आता मुख्य प्रकरण. १४ जुलै १९६४ रोजी केंद्र सरकारने शिक्षण आयोग नेमला. शिक्षणमंत्री होते आपल्या मुंबई हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला. अध्यक्ष म्हणून भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी, म्हणून आयोगाला सगळे कोठारी आयोग म्हणतात. सदस्य-सचिव जे. पी. नाईक. एकूण १७ सदस्यांत ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया आणि जपान येथील तज्ज्ञही होते, आणि महाराष्ट्राच्या माजी शिक्षण संचालिका सुलभा पाणंदीकरही. २ ऑक्टोबर १९६४ ला काम सुरू झाले. सुमारे शंभर दिवस आयोग राज्याराज्यांत फिरला, नऊ हजारांहून अधिक लोकांशी बोलला, चोवीसशेच्या वर निवेदने आली. २९ जून १९६६ ला सुमारे सातशे पानांचा अहवाल सरकारच्या हाती पडला. एवढा पसारा पावणेदोन वर्षांत आटोपला, यात सचिवाचे कष्ट किती असतील हे ज्यांनी साध्या मंडळाचा वार्षिक अहवाल वेळेवर छापून घेतला आहे त्यांना सांगायला नको!

अहवालातल्या पुष्कळ गोष्टी आपल्या अंगवळणी पडल्या. ज्याला आपण 'नवी दहावी' म्हणायचो तो १०+२+३ चा आकृतिबंध त्यातलाच. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च व्हावा हा आकडाही तिथलाच. १९८५-८६ पर्यंत तो गाठायचा होता. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तोच सहा टक्क्यांचा संकल्प पुन्हा लिहावा लागला, यावरून काय ते समजावे. पहिली-दुसरीत कोणाला नापास करू नये, दोन्ही वर्ग मिळून एकच घटक मानावा, शाळा सुटलेल्या मुलांसाठी अर्धवेळ वर्ग असावेत, याही सूचना होत्या. दुसरीनंतर दिसेनाशी झालेली आमच्या वर्गातली मुले मला हे वाचताना आठवली.

या सगळ्याच्या मुळाशी एक सूचना होती, 'समान शाळा' आणि तिच्यासाठी 'शेजारची शाळा'. म्हणजे काय? तर एका वस्तीची एक शाळा. त्या वस्तीत राहणारे प्रत्येक मूल, कोणत्याही जातीचे, धर्माचे, कितीही श्रीमंत वा गरीब, त्याच शाळेत जाईल. साहेबाचा मुलगा आणि साहेबाच्या ड्रायव्हरचा मुलगा एका बाकावर. आयोगाने यासाठी दोन कारणे दिली आणि दोन्ही विचार करायला लावणारी आहेत. पहिले असे की सामान्य लोकांच्या जीवनाशी ज्याचा संबंध नाही त्या शिक्षणाला चांगले शिक्षण म्हणताच येणार नाही. म्हणजे शेजारची शाळा श्रीमंतांच्या मुलांच्याही हिताची, तो काही गरिबांवर उपकार नव्हे. दुसरे कारण व्यवहाराचे. वजनदार माणसांची मुले सरकारी शाळेत आली की ती माणसे त्या शाळेकडे लक्ष देतील आणि शाळा लवकर सुधारेल. पाटलांनी बदललेली कौले मला इथे दिसली.

हे एका रात्रीत होईल असे आयोग म्हणत नव्हता. वीस वर्षांचा कार्यक्रम होता. आधी सगळ्या प्राथमिक शाळा किमान दर्जाला आणायच्या आणि जिथे लोकमत अनुकूल असेल तिथे लगेच प्रयोग सुरू करायचे. १९६७ मध्ये खासदारांच्या समितीने ही सूचना उचलून धरली. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 'समान शाळा' हे शब्द आले, १९८६ च्या धोरणातही आले. दोन्ही वेळा शब्द तेवढे आले. लोकमत अनुकूल असलेली वस्ती कुठे सापडली नाही, असे म्हणायचे.

कारण लोकमत म्हणजे कोण? १९८८ सालची गोष्ट. आमच्या थोरल्या मुलीला शाळेत घालायचे होते. बंगळूरच्या एका नावाजलेल्या खासगी शाळेच्या फॉर्मसाठी मी पहाटे चार वाजता स्वेटर-मफलर घालून रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे ऐंशी-नव्वद माणसे होती, काहींनी तर रात्र तिथेच काढली होती. फॉर्म मिळाला, पुढे मुलाखत झाली (मुलीपेक्षा आमचीच जास्त!), देणगी भरली आणि ऑफिसात पेढे वाटले. आमच्या घरापासून चारशे पावलांवर सरकारी कन्नड शाळा होती. तिच्या फाटकाच्या आत माझे पाऊल त्यानंतर वर्षभराने पडले. १९८९ च्या लोकसभा निवडणुकीत ते आमचे मतदान केंद्र होते! रांगेत उभा असताना भिंतीवरचे कन्नड पाढे वाचत होतो. छप्पर गळाल्याचे डाग ओळखीचे वाटले. बोटाला शाई लावून बाहेर पडलो. पुन्हा आत गेलो ते पुढच्या निवडणुकीला. आणि हे करणारा मी कोण, तर घरी नुरुल्ला-नाईक वाचणारा आणि स्वतः सरकारी शाळेच्या जाजमावरून उठून आलेला. मला पश्चात्ताप होतो का? मुलगी शिकली, नाव काढले. मला त्या रांगेचा पश्चात्ताप होत नाही. पण मी आणि माझ्यासारखे सगळे त्या फाटकावरून पुढे निघून गेल्यावर आतल्या मुलांसाठी कौले बदलायला कोण उरले, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

नाईकांना हा पेच ठाऊक होता. १९७५ मध्ये त्यांनी समता, गुणवत्ता आणि संख्या या त्रिकोणावर एक छोटे इंग्रजी पुस्तक लिहिले. हा त्रिकोण हाताला लागत नाही, निसटतो, असे त्याच्या नावातच आहे. नागरभावीच्या 'इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज' या संस्थेच्या ग्रंथालयात, एका ओळखीच्या संशोधकाच्या कृपेने, मी ते दोन दुपारी बसून वाचले. मांडणी साधी आहे. गरीब देशाला तीन गोष्टी हव्यात : सगळी मुले शाळेत यावीत, शाळा चांगली असावी आणि ती सगळ्यांना सारखी असावी. पैसा मात्र एकीपुरता. मग तिन्ही एकमेकींच्या हातातले ओढू लागतात. संख्या वाढवली की दर्जा घसरला म्हणून ओरड होते. दर्जा राखायचा म्हटले की तो मूठभरांपुरता राखला जातो. यात सर्वांत आधी बळी जातो तो समतेचा, कारण तिच्या बाजूने बोलणारे सभागृहात नसतात.

ज्या संस्थेत बसून मी हे वाचले तिच्याशीही नाईकांचा धागा आहे. १९६९ मध्ये दिल्लीत भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद स्थापन झाली. पहिले अध्यक्ष आपले धनंजयराव गाडगीळ, सदस्य-सचिव जे. पी. नाईक, ते १९७८ पर्यंत. संशोधन दिल्लीपुरते राहू नये, प्रांतोप्रांती चांगल्या संस्था उभ्या राहाव्यात, हे परिषदेचे धोरण होते. १९७२ मध्ये अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी बंगळुरात ही संस्था काढली आणि परिषदेने पाठबळ दिलेल्या संस्थांत ती आली. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास तिथेच होते. नाईकांच्या काळात परिषदेने पंधरा राज्यांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची पाहणी करवली. तिचा अहवाल सुमा चिटणीस यांनी लिहिला. देशातील स्त्रियांच्या स्थितीवरचा १९७४ चा प्रसिद्ध अहवाल तयार होताना परिषदेने त्यासाठी अभ्यास करवून घेतले. कोण शाळेत आहे यापेक्षा कोण नाही आणि का नाही, हे मोजायची सवय या माणसाने आपल्या संशोधकांना लावली.

उत्तरायुष्यात नाईक आणखी एका वाटेने गेले आणि तिच्याबद्दल मतभेद आहेत. समान शाळा येईल तेव्हा येईल, पण गुरे राखणारी, भावंडे सांभाळणारी मुलगी आज आठ वर्षांची आहे. ती थांबणार कशी? म्हणून शाळेच्या वेळा, वयाच्या अटी मोडून अनौपचारिक वर्ग चालवावेत, असे ते सांगू लागले. १९७९ पासून चित्राताईंनी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत रात्रीचे असे वर्ग चालवले. कंदिलाच्या उजेडात शिकायला येणाऱ्यांत मुलीच जास्त. टीकाकारांनी विचारले, ही गरिबांसाठी वेगळी, हलकी शाळाच झाली ना? प्रश्न रास्त होता. मला स्वतःला वाटते की सरकारांनी या कल्पनेचा सोयीस्कर उपयोग करून घेतला. कंदील ठेवला आणि शाळा बांधायची राहिली. पण त्या मुलींपुढे उभे राहून 'थांबा' म्हणणे नाईकांना जमले नसते, हेही खरे.

१९७४ मध्ये पद्मभूषण मिळाले. ३० ऑगस्ट १९८१ ला ते गेले. कोठारी आयोगानंतर काय झाले, याचा त्यांनी घेतलेला परखड आढावा १९८२ मध्ये, त्यांच्या मागे, प्रसिद्ध झाला. आपणच लिहिलेल्या अहवालाचे काय झाले हे माणूस स्वतः तपासतो आणि कुठे फसलो ते लपवत नाही, असे उदाहरण सरकारी लिखाणात मी दुसरे पाहिलेले नाही. चित्राताई पुढे नियोजन मंडळाच्या सदस्य झाल्या, २०१० च्या डिसेंबरात त्या गेल्या. त्याच वर्षी, १ एप्रिल २०१० ला, शिक्षण हक्क कायदा लागू झाला होता.

या कायद्यातही शेजारच्या शाळेचा शब्द आहे, पण अर्थ बदललेला. खासगी शाळांनी पहिलीच्या वर्गात पंचवीस टक्के जागा आसपासच्या दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात आणि त्यांची फी सरकारने भरावी, अशी तरतूद झाली. म्हणजे आयोगाच्या कल्पनेत साहेबाचा मुलगा सरकारी शाळेत यायचा होता, इथे ड्रायव्हरचा मुलगा साहेबाच्या शाळेत जाणार, तोही चिठ्ठी निघाली तर. तरी एका बाकावर दोघे आले हे काही कमी नव्हे, असे मी म्हणत होतो.

आमच्याकडे कामाला येणारी बाई यादगीरकडची. नवरा बांधकामावर. तिच्या मुलीचा अर्ज २०१७ साली मीच संगणकावर भरून दिला आणि चिठ्ठीत नाव निघाले. ती मुलगी जवळच्या एका इंग्रजी शाळेत जाऊ लागली. दोन वर्षांनी धाकट्या मुलाची वेळ आली. पण २०१९ च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने नियम बदलला होता. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेत या पंचवीस टक्क्यांतून प्रवेश नाही. सरकारी शाळा ओस पडत आहेत आणि आपण खासगी शाळांची फी भरत आहोत, हे सरकारचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात तो बदल वैध ठरवला. (महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये असाच बदल करून पाहिला, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्या जुलैत रद्द केला. एकच कायदा, शेजारची दोन राज्ये!) बाई म्हणाली, "सर, अर्ज भरा ना." मी तिला नियम समजावून सांगितला. ती ऐकत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "म्हणजे घराजवळ सरकारी शाळा आहे म्हणून नाही?" मी हो म्हणालो. शेजारची शाळा या शब्दांचे असे भाषांतर नाईकांनी ऐकले असते तर त्यांना काय वाटले असते कोण जाणे.

मुलगा त्या चारशे पावलांवरच्या शाळेत गेला. एका घरातली दोन भावंडे, दोन गणवेश, दोन भाषा. मुलगी फाडफाड इंग्रजी बोलते, पण डबा कोणासमोर उघडत नाही असे तिची आई सांगते. मुलाला शाळेत गरम जेवण मिळते, अंडे मिळते आणि तो सगळ्या वर्गाबरोबर बसून जेवतो. गणित त्याचे बरे आहे. त्याच्या वर्गात यादगीर, रायचूरकडची, बिहारची, नेपाळची मुले आहेत. आमच्या सोसायटीतले एकही नाही. दोघांपैकी कोणाचे बरे झाले असे मला विचाराल, तर मी उत्तर देऊ शकणार नाही. आईला विचारले तर ती तत्काळ मुलीचे नाव घेते.

गेल्या वर्षी उत्सवात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आपल्या मंडळाच्या चित्रकला स्पर्धेचे अर्ज आपण परिसरातल्या पाच शाळांत पाठवतो. त्या पाचांत ही सरकारी शाळा कधीच नव्हती. मुद्दाम वगळली असेल असे नाही, कोणाला सुचलेच नाही. मलाही इतक्या वर्षांत सुचले नव्हते. मुख्याध्यापिकांना भेटायला गेलो. मतदान नसताना त्या फाटकाच्या आत जाण्याची माझी ती पहिलीच वेळ. बाईंनी चहा मागवला आणि विचारले की मुलांनी रंग घरून आणायचे का. ते आम्ही छापील अर्जात लिहीत होतोच : कागद मंडळातर्फे, रंग आपापले.

यंदा अर्ज सहा शाळांत गेले आहेत. अर्ज कन्नड, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत आहे. स्पर्धा उत्सवाच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता मंडपात होईल. कागद आणि रंग, दोन्ही मंडळातर्फे.